अकरा नंबरचा खांब

ग्रीस लावताना हात आखडू नकोस, दाऊदचाचा सांगतो,
मध्ये हवा राहिली की यंत्र खोटं बोलतं.
त्याच्या हातात धाडणारी डबी, माझ्या हातात झेलणारी,
आणि दोघांच्या मध्ये साठ सेंटिमीटर काँक्रीट,
रम्सच्या किनाऱ्यावरचं, माझ्याच वयाचं.

आम्ही एकमेकांना दिसत नाही.
तो पलीकडून ‘हूं’ म्हणतो, मी डबी दाबून धरते.
खांबातून जो आवाज जातो
तो त्याला ऐकू येत नाही, मला नाही,
पंपहाऊसच्या पत्र्यावरच्या पारव्यांनाही नाही.
काचेवर आकडा थरथरतो, मग ठरतो.
एकशे छत्तीस मायक्रोसेकंद.
एकशे एकेचाळीस.
म्हणजे आत दाट आहे, वाट सरळ आहे.
खडूने आखलेला पुढचा चौकोन.

आई मडकं घ्यायची तेव्हा
बोटाच्या पेराने वाजवून बघायची,
कान तिरका, कुंभाराचं बोलणं मध्येच तोडून.
चाचा म्हणतो, आमच्या हर्णैला फणस.
पिकलेला वेगळा बोलतो, सडलेला त्याहून वेगळा.
आम्ही इथे तेच करतो,
फक्त डोक्यावर पिवळं हेल्मेट
आणि डब्यातल्या पोळीलाही ग्रीसचा वास.

नऊ ठीक. दहा ठीक.
अकराव्याला, खालून दुसऱ्या ओळीत
आकडा चढतच गेला: एकशे ऐंशी, दोनशे चार,
दोनशे एकतीस.
मी म्हणाले, ग्रीस कमी पडलं असेल, पुसून पुन्हा लावू.
पलीकडून ‘हूं’ आलं नाही.

दोनशे एकतीस.
आवाज आत कुठेतरी वळसे घेत होता,
खणलेल्या गल्लीतून रात्री माणूस जातो तसा,
कडेकडेने, भिंतीला हात लावत.

“परत नको घेऊ गो,” चाचा म्हणाला.
“तो आकडा खरा हाय.”

आणि मग खांबाआडूनच, तोंड न दाखवता:
एकवीस वर्षांचा होतो मी. ऑगस्ट.
दोन दिवस पाण्याचा टँकर आला नव्हता.
मिक्सर फिरतोय, माल धरायला लागलाय,
मुकादम आईबहिणीवर उतरलाय.
आणि दर्या तर तिथंच, पन्नास पावलांवर.
बादल्या आम्ही तिघांनी भरल्या,
मी, नाट्याचा उस्मान, आणि एक बलुची होता,
नाव गेलं बघ डोक्यातून.
फळ्या काढल्या तेव्हा खांब असा गुळगुळीत,
मोठ्या साहेबाने हात फिरवला त्याच्यावरून.

खाऱ्याचं गोडं करायचा कारखाना.
बांधायला गोडं नव्हतं.

मला काही सुचलं नाही.
लांब कुठेतरी पंप सुरू झाला, बंद झाला.
तक्त्यात रकाने पाचच असतात:
जागा, अंतर, वेळ, वेग, शेरा.
आणि शेऱ्याला शब्द चार,
उत्तम, चांगले, मध्यम, शंकास्पद.
मी चौथा लिहिला.
शंका तर आता दोघांपैकी कुणालाच नव्हती.
बादल्यांना रकाना नाही. ऑगस्टला नाही.
उस्मानचं पुढे काय झालं,
विचारायचं राहूनच गेलं.

तो पुढे आला, गळ्यातला पंचा काढला
आणि खांबावरचे ग्रीसचे डाग पुसायला लागला,
एकेक वर्तुळ, सावकाश, खालपर्यंत वाकून.
तेलकट राहिलं तर नवा माल पकडत नाय, म्हणाला.
आत सळ्यांचं काय झालं असेल
ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं,
पण तो पुसत होता
ताप आलेल्या पोराचं कपाळ पुसावं तसं,
नव्हे, तसंही नाही; भांडं पुसावं तसं, नीट, कामाचं.

मग वायर गुंडाळली, डबी उचलली,
बाराव्या खांबामागे गेला, दिसेनासा झाला.
“त्या दिवशी चार भरले होते,” एवढंच म्हणाला.

आणि बऱ्याच वेळाने, ‘हूं’.